पंचायतीपासून उंबरठ्यापर्यंत



खेड्यातील घराच्या गरजा मोजावयास बसले, तर एके काळी त्या तीनच निघत : बारमाही वाट, विहिरीचे पाणी आणि रात्रीचा दिवा. ह्या तिहींसाठी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली आणि वाट पाहिली. आज त्यांत चौथ्या गरजेची भर पडली आहे, आणि ती म्हणजे इंटरनेटची खात्रीची जोडणी. शहरातील माणसाला ही गरज करमणुकीची वाटते. खेड्यातील माणसाला ती तशी राहिलेली नाही. महाराष्ट्रातील सातबारा, गोव्यातील एक-चौदाचा उतारा आणि कर्नाटकातील पहाणीपत्रक आज संगणकावरून निघते. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि परीक्षेचे प्रवेशपत्र ह्यांची वाटही तीच आहे. जहाजावर किंवा आखातात नोकरीस गेलेल्या मुलाचा चेहरा घरच्या म्हातारीला दिसावयाचा, तोही त्याच वाटेने.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा ह्या गरजेचे खरे रूप उघडे पडले. गोव्याच्या सांगे तालुक्यात आणि सिंधुदुर्गाच्या डोंगराळ भागात मुलेमुली वह्या-पुस्तके घेऊन डोंगरमाथा गाठीत आणि भर पावसाळ्यात छत्रीखाली बसून शिक्षकांचा आवाज ऐकू येतो का, ते पाहत. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या अर्जावर निकाल देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला होता. हक्क न्यायालयाने सांगितला. परंतु डोंगरापलीकडच्या वाडीपर्यंत तार कोणी ओढावयाची, हा प्रश्न न्यायालयात सुटणारा नव्हता. तो ज्या मार्गांनी सुटू शकतो, त्यांचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम 'ब्रॉडबँड' ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भारतात सामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे २००४ च्या धोरणात, सेकंदाला किमान २५६ किलोबिट आणणारी जोडणी ती ब्रॉडबँड, अशी व्याख्या झाली. २०१३ साली हा आकडा ५१२ किलोबिटांवर गेला आणि २०२३ साली २ मेगाबिटांवर. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने २ मेगाबिटांची जोडणीही ब्रॉडबँडच ठरते. परंतु जिथे एक मूल पडद्यावर पाठ ऐकत आहे, दुसरे परीक्षेचा अर्ज भरत आहे आणि वडील भाऊ घरूनच कचेरीचे काम करीत आहे, अशा घराला २ मेगाबिट पुरत नाहीत. अशा घराला २० ते ३० मेगाबिट खरोखर आणि सदैव मिळाले, तर त्याचे सुखाने भागते. येथे 'खरोखर' आणि 'सदैव' ह्या दोन शब्दांचे महत्त्व आकड्यापेक्षा अधिक आहे.

आकड्यांविषयी एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जाहिरातीतील वेग बिटांत सांगितलेला असतो, आणि आपण पुस्तक किंवा चित्रपट उतरवून घेतो तो बाइटमध्ये मोजलेला असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० मेगाबिटांची जोडणी पुऱ्या वेगाने चालली तरी सेकंदाला ५ मेगाबाइटच आणते. ह्यात फसवणूक नसते. मापे दोन आहेत, एवढेच. शिवाय वेग एकाच दिशेचा नसतो. घराकडे येणारा वेग आणि घराकडून जाणारा वेग हे दोन्ही विचारले पाहिजेत. कारण मुलाला शिक्षक दिसतात ते येणाऱ्या वेगाने, आणि शिक्षकांना मूल दिसते ते जाणाऱ्या वेगाने. तिसरी कसोटी विलंबाची, म्हणजे प्रश्न पाठविल्यापासून उत्तर परत येईपर्यंत लागणाऱ्या वेळाची. आणि चौथी व सर्वांत खडतर कसोटी सातत्याची. आषाढातही जी टिकते ती जोडणी चांगली.

आता खेड्यापर्यंत ही जोडणी कशी पोहोचते ते पाहू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने, म्हणजे काचेच्या प्रकाशवाही तंतूने, जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ साली तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. आज दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत ती पोहोचली आहे, आणि हे काम लहान नव्हे. परंतु पंचायतीचे कार्यालय म्हणजे गाव नव्हे. देशावरील गावठाणात घराला घर लागून असते. तिथे पंचायतीपासून चार गल्ल्या फिरल्या की गाव संपते. कोकणात, गोव्यात, चंदगडात किंवा खानापूरच्या पश्चिमेस तसे नाही. तिथे एका पंचायतीत आठ-दहा वाड्या, दोन वाड्यांमध्ये ओढा, टेकडी किंवा रान, आणि वाडीतही प्रत्येक घर आपापल्या बागेत एकटे उभे. पंचायतीच्या भिंतीवर पेटी लागली आणि तिच्यात प्रकाश आला, तरी तिथून दोन-तीन किलोमीटरवरील घर अंधारातच राहते. कंपनीचा हिशोबही सरळ असतो : एका गल्लीत एक किलोमीटर तार ओढली तर शंभर गिऱ्हाइके मिळतात, वाडीत तेवढ्याच तारेला पाच. म्हणून वाडीचा नंबर शेवटी लागतो आणि पुष्कळदा लागतच नाही.

ही उणीव सरकारच्याही ध्यानात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये खर्चाचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा त्यात दोन महत्त्वाचे बदल करण्यात आले. पूर्वी तार एका पंचायतीतून पुढच्या पंचायतीकडे सरळ जात असे. मध्ये कुठे तुटली की पुढची सर्व गावे बंद पडत. आता ती वर्तुळाकार न्यावयाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश येत राहील. दुसरा बदल असा की, पंचायतीचे ठिकाण नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही मागणी केल्यास फायबर देण्याची तरतूद झाली आहे. ह्यातील 'मागणी केल्यास' हे शब्द प्रत्येक ग्रामस्थाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जे गाव मागणार नाही, त्याला मिळण्याची शक्यताही कमीच. आणि मागणी एका घराची असण्यापेक्षा साऱ्या वाडीची असेल, तर तिला वजन येते.

घरापर्यंत येण्याच्या वाटा चार. पहिली जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेची. तांब्यातून जाणारा संदेश अंतराबरोबर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरील घराला तिचा उपयोग जवळजवळ नाही. दुसरी वाट फायबरची. केसासारख्या बारीक काचेतून प्रकाश वीस किलोमीटरपर्यंत सहज जातो आणि अंतरामुळे त्याचा वेग उणावत नाही. तिसरी बिनतारी, ती मोबाइलच्या मनोऱ्यावरून किंवा टेकडीवर बसविलेल्या वाय-फायच्या तबकडीवरून येते. चौथी वाट उपग्रहाची.

ह्यांत फायबर सर्वांत उत्तम, ह्यात शंका नाही. परंतु तेही वाटून घ्यावे लागते. बागायतीच्या पाटाचे उदाहरण घेतले की हे चटकन उमगते. बांधाऱ्यावरून पाट निघतो, त्यातून प्रत्येक कुळागराला पाळीने पाणी मिळते. सर्वांनी एकाच वेळी तोंड उघडले तर कोणाच्याच पोफळी भिजत नाहीत. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवर सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. एवढे पाणी पुष्कळच झाले. अडचण येते ती पाट वरच अरुंद असला तर, म्हणजे गावाला शहराशी जोडणारी मुख्य वाहिनीच लहान असली तर. म्हणून वेग मोजावयाचा तो एकदा पहाटे आणि एकदा रात्री नवाच्या सुमारास. पहाटे भरपूर आणि रात्री नाममात्र, असे दिसले तर दोष घरातील तारेचा नसून वरच्या वाटपाचा आहे, हे समजावे आणि तक्रारही तशीच करावी.

बिनतारी वाटेचा शत्रू म्हणजे झाड आणि डोंगर. काजू-फणसाची ओली पाने रेडिओलहरी शोषून घेतात. लहरींची कंप्रता जितकी अधिक, तितके हे शोषण अधिक. म्हणून ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी रानातून दूरवर जातात आणि त्याहून वरच्या अडखळतात. वैशाखात चालणारी जोडणी श्रावणात मंदावते, त्याचे हे एक कारण. घराच्या कौलांवर, मनोऱ्याच्या दिशेने तोंड करून बाहेरचा अँटेना बसविला आणि तो राउटरला जोडला, तर पुष्कळ फरक पडतो. परंतु बाजारात 'सिग्नल वाढविणारे यंत्र' म्हणून जे रिपीटर विकले जातात, ते परवानगीवाचून लावणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याने शेजाऱ्यांच्या सेवेत व्यत्यय येतो. मनोऱ्याच्या किरणोत्सर्गाची भीती अनेक गावांत आहे आणि गोव्यात तर मनोऱ्याला विरोध वारंवार झाला आहे. त्या भीतीची थट्टा करू नये. पण सप्टेंबर २०१२ पासून भारतात ह्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश ठेवलेली आहे, ही वस्तुस्थितीही ग्रामसभेपुढे मांडली गेली पाहिजे.

उपग्रहाची वाट एकाकी घराला आकर्षक वाटते. जुने दळणवळण-उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली यावयाचा आणि उत्तरही तसेच यावयाचे, म्हणजे जवळजवळ दीड लाख किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. संभाषणात हा खंड त्रासदायक होतो. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे विलंब फारच कमी होतो. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला भारतात २०२५ साली परवाना मिळाला. तथापि ह्या तबकडीला मोकळे आकाश लागते आणि तिला वीजही फायबरच्या पेटीपेक्षा कितीतरी अधिक लागते. माडा-पोफळींच्या दाट बागेतील घराने हा विचार आधी करावा.

कोणतीही वाट निवडली तरी पावसाळा आपली परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही. फायबरची तार जमिनीत खोल पुरावी असा दंडक आहे. परंतु जांभ्या दगडात चर खणणे खर्चाचे, म्हणून ती विजेच्या खांबांवरून नेली जाते. मग जूनच्या पहिल्या वादळात फांदी पडते आणि विजेच्या तारेबरोबर तीही जाते. जमिनीतील तार वाचते, तर रस्ता रुंद करणारे यंत्र तिला तोडते. ह्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने खोदण्यापूर्वी तारेच्या मालकास कळविण्याची एक व्यवस्था मोबाइलवर सुरू केली आहे. ठेकेदार ती वापरतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार पंचायतीने बजावला पाहिजे. घरातील उपाय साधे आहेत. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून त्याच्यासाठी १२ व्होल्टची लहानशी बॅटरी ठेवावी. काचेचा तंतू खिळ्यावर घट्ट मुरगळू नये, कारण तीक्ष्ण वळणातून प्रकाश बाहेर सांडतो. पेटीवर तांबडा दिवा लागला, तर प्रकाशच घरापर्यंत येत नाही असे समजावे. राउटर पुनःपुन्हा बंद-चालू करून काही साधत नाही. उंदीर-खारींनी कुरतडलेली तार बाहेरच शोधली पाहिजे.

आता प्रश्न परवानगीचा. घाटातील पुष्कळ वाड्यांना वेढून वनखात्याची जमीन आहे आणि 'वनखाते परवानगी देत नाही' ह्या वाक्यापाशी अनेक प्रयत्न थांबतात. अशा गावांनी २००६ चा वनहक्क कायदा अवश्य वाचावा. त्याच्या कलम ३(२) मध्ये, वनवासी व वननिवासी गावांसाठी सरकारने चालवावयाच्या तेरा सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता ह्यांच्या जोडीला वीज आणि दूरसंचाराच्या तारा त्या यादीत स्पष्टपणे लिहिलेल्या आहेत. अटी अशा की, प्रत्येक सोयीसाठी एक हेक्टरहून कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. अभयारण्याच्या हद्दीत प्रश्न अधिक नाजूक होतो, हे खरे. परंतु आरंभ ग्रामसभेच्या ठरावापासून होतो, आणि तो ठराव करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

गावांनी एकत्र येऊन हे काम केल्याची उदाहरणे आहेत. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात, सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने, सुमारे ७० गावांत संगणककेंद्रे उघडली गेली. उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि बिलाची रक्कम शेतकऱ्याला गावातच कळावी, हा त्यामागील हेतू. पुढे काही ठिकाणी त्याच माहितीसाठी मोबाइलच्या लघुसंदेशाचा प्रयोग झाला. ह्यावरून असे दिसते की, यंत्र बदलते, पण ज्या सोयीची गावाला नित्य गरज असते तिची वाट गाव टिकवून धरते. पालघर जिल्ह्यात आय.आय.टी. मुंबईने 'ग्राममार्ग' ह्या प्रकल्पात, तार न ओढता, उंच खांबांवरील बिनतारी यंत्रांनी २५ गावे जोडून दाखविली. त्या कामाला २०१७ साली मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात कंपन्या येत नाहीत असे पाहून ग्रामस्थांनी २०११ साली स्वतःचीच संस्था स्थापिली. शेतकऱ्यांनी आपल्या कुरणांतून तार नेण्यास मोबदल्यावाचून वाट दिली, शेजाऱ्यांनी चर खणले, लोकांनी भाग विकत घेतले. आणि त्या विरळ वस्तीत सेकंदाला १,००० मेगाबिट आणणारे फायबर घरोघर गेले. दूधसंस्था, सेवा सोसायट्या आणि पाण्याच्या पाळ्या ज्यांनी चालविल्या, त्या आपल्या गावांना ह्यात परके वाटावे असे काही नाही.

तेव्हा एखाद्या घराने काय करावे? प्रथम वाडीतील किती घरांना जोडणी हवी आहे आणि महिना किती पैसे देण्याची प्रत्येकाची तयारी आहे, ह्याची यादी करावी. पंचायतीत भारतनेटची पेटी चालू आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मग ग्रामसभेत ठराव करून तो यादीसह दूरसंचार खात्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि भागातील केबलचालकांकडे पाठवावा. आपल्या कुंपणावरून शेजाऱ्याची तार जाऊ द्यावी. बांधाच्या वितुष्टातून अडलेल्या तारा सरकारी लाल फितीत अडलेल्या तारांहून कमी नाहीत. तोवर, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेखाली गावातील दुकानदारही परवान्यावाचून वाय-फायची सेवा देऊ शकतो, ह्याचा उपयोग करून घ्यावा. जोडणी मिळाल्यावर बिघाडाची तारीख आणि वेळ एका वहीत लिहून ठेवावी. तक्रार तोंडी करून थांबू नये, तिचा क्रमांक मागून घ्यावा. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारकेंद्र आणि त्यावर अपील ऐकणारा अधिकारी ठेवावाच लागतो, आणि ते अपील करण्यास शुल्क नाही. 'ट्राय' ही संस्था एकेकट्याच्या तक्रारींचा निवाडा करीत नाही. म्हणून प्रथम ह्याच दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

ह्या साऱ्या खटाटोपाचे मोल मेगाबिटांत मोजता येणार नाही. डोंगरकुशीतील घरे आज ज्या कारणांनी बंद होत आहेत, त्यांत पोटापाण्याच्या धंद्याबरोबर मुलांचे शिक्षणही आहे. जो तरुण घरून काम करू शकतो, तो कुळागर सोडून शहरात भाड्याची खोली घेण्यापूर्वी दोनदा विचार करील. ज्या मुलीला अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागत नाही, तिचे शिक्षण घरच्यांना कमी खर्चाचे आणि कमी काळजीचे वाटेल. तार आली म्हणजे गाव सुखी झाले, असे कोणी समजू नये. रस्ता आला तेव्हाही तसे झाले नव्हते. पण रस्ता नसलेल्या गावी काय होते, ते ह्या मुलखाने पाहिले आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय असावा, आणि तो मांडण्यासाठी वाडीतून चार माणसांनी उठून जावे, एवढी अपेक्षा आहे.